आत्ता कुठं गरम झालोय

कोलंबियाच्या आणखी एका मुलीची कानामागची टिकली लाल झाली, चौथ्या पंचानं तिच्या नंबरचा फलक वर केला आणि ताश्कंदच्या स्टेडियममधून एक मोठा सुस्कारा निघाला. बदली खेळाडू केव्हाच संपल्या होत्या. सामना जादा वेळेत गेलेला, ऊन जून महिन्याचं, आणि कोलंबिया आता नऊ जणींवर आलेली. मोठ्या पडद्यावर दोन्ही संघांचे ठिपके ओळीनं दिसत होते. त्यांच्या ओळीत पिवळे, लाल, विझलेले. भारताच्या ओळीतले अकराही हिरवेगार, जणू पोरी आत्ताच आंघोळ करून मैदानात उतरल्या होत्या.

थोड्या वेळानं कर्णधार स्पृहा मेथेनं मधल्या फळीतून पुढं सोडलेल्या चेंडूवर गोल झाला आणि सतरा वर्षांखालच्या मुलींच्या जागतिक फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेत भारत पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचला. बाकावरचे सगळे उड्या मारत मैदानात धावले. सहायक प्रशिक्षक धैर्यशील साळोखे तेवढा बसून राहिला. उठायचं त्याच्या मनात होतं, पण उजव्या गुडघ्याचं मत वेगळं पडलं. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्याला देशाच्या इज्जतीचं फारसं काही पडलेलं नसतं.

पोरींनी त्याला ओढून उठवलंच. रिंगण करून त्याला मध्ये घातलं.

"कसं वाटतंय?" तो नेहमीसारखा ओरडला.

"आत्ता कुठं गरम झालोय!" सगळ्या एका दमात ओरडल्या. त्यात मणिपूरच्या होत्या, हरियाणाच्या होत्या, केरळची गोलरक्षक होती. वर्षभर कोल्हापुरातल्या शिबिरात राहून त्या मराठीचं एवढं एकच वाक्य शिकल्या होत्या, तेही अस्सल कोल्हापुरी बायकांच्या थाटात, 'झालेय' न म्हणता 'झालोय' म्हणून. जगभरचे वार्ताहर आता या वाक्याची वाट बघायचे. 'न थकणाऱ्या मुली' असं त्यांनी नाव पाडलं होतं. कुणी नाचणीला श्रेय देत होतं, कुणी योगासनांना. एका चॅनेलवर तर तांबड्या रश्श्यातल्या मसाल्यावर अर्धा तास चर्चा झाली.

टिकली हेही मुलींनीच पाडलेलं नाव. कागदोपत्री तिला श्रांतिमापक पट्टी म्हणत. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत दोन मुलं उन्हात कोसळली ती उठलीच नाहीत, तेव्हापासून अठराच्या आतल्या प्रत्येक खेळाडूच्या कानामागं ती चिकटवणं सक्तीचं झालं.

थकवा पायात असतो असं आपण समजतो. तसं नसतं. पाय संपायच्या कितीतरी आधी मेंदू ब्रेक दाबतो, कारण घरातल्या जबाबदार बाईसारखं त्याला सगळं पुरवून वापरायचं असतं. माणूस तासन्‌तास धावत आणि निर्णय घेत राहिला की मेंदूच्या पुढच्या भागात काही रसायनं साचतात, घामातले क्षार बदलतात, हृदयाच्या ठोक्यांची लय बदलते, नजर किंचित थरथरते. पट्टी या खुणा वाचायची. पण नुसत्या खुणांवरून भागत नव्हतं, कारण एकीचं दमणं म्हणजे दुसरीची सुरुवात. म्हणून शास्त्रज्ञांनी ठरवलं की प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी. शिबिरात महिनाभर सराव चालू असताना पट्टी अधूनमधून कानात विचारायची, 'कसं वाटतंय?' मूल जे उत्तर देईल ते त्या क्षणीच्या खुणांशी जोडलं जायचं. थकवा ज्याचा त्यालाच कळतो, मग त्याच्याच शब्दाला मान द्यायचा, असा सरळ आणि भला विचार होता. कुणी खोटं बोललं तर आवाजातल्या थरथरीवरून तेही पकडलं जायचं. आणि सामन्यात खेळाडू आपल्या तोंडानं 'दमले' म्हणाली, तर टिकली सगळी आकडेमोड बाजूला ठेवून लाल व्हायची. शेवटचा शब्द मुलीचाच.

भल्या माणसांनी सगळा विचार केला होता. कोल्हापूरच्या तालमीचा तेवढा केला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणघरात स्पृहानं चहात मीठ घातलं, ढवळलं, आणि तो चहा पिऊन टाकला. समोर बसलेल्या धैर्यशीलनं ते बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"वस्ताद, फायनल कुणासंगं हाय?" तिनं विचारलं.

"जपानसंगं. अगं, मगाशीच सांगितलं की."

"व्हय, व्हय." ती हसली. जरा वेळानं बशीकडं बघत तिनं पुन्हा विचारलं, "फायनल कुणासंगं हाय?"

धैर्यशीलनं मीठदाणी हळूच आपल्याकडं ओढली. ही पोरगी आठ वर्षांची असताना भावाचे मोठे बूट घालून धैर्यशीलच्या तालमीच्या फुटबॉल मैदानावर आली होती. पहिल्याच दिवशी धापा टाकत खाली बसली आणि "दमलो" म्हणाली. त्याच्या मैदानावर तो एकच शब्द बंद होता. जो म्हणेल त्यानं आणखी एक राउंड मारायचा, हा त्याच्या वस्तादांनी घातलेला आणि त्यानं पुढं चालवलेला नियम. दमल्यावर म्हणायचं ते 'आत्ता कुठं गरम झालोय'. स्पृहानं रडत रडत तो राउंड मारला आणि त्यानंतर पुन्हा कधी तो शब्द काढला नाही. धैर्यशीलला याचा केवढा अभिमान होता! चार लोकांत तो ही गोष्ट रंगवून सांगायचा.

दुपारी संघाच्या डॉक्टर इरावती सबनीस यांनी त्याला खोलीवर बोलावलं. बाई पुण्याच्या, वयानं त्याच्याहून बऱ्याच लहान, कामाला चोख. कालपासून त्यांना झोप नसावी.

"साळोखे सर, मला एका शब्दाचा अर्थ सांगा," त्या म्हणाल्या. त्यांनी शिबिरातलं एक ध्वनिमुद्रण लावलं. बुटांचा धपधप आवाज, फाटलेला श्वास, पट्टीचा गोड प्रश्न, आणि मग स्पृहाचा ठणठणीत आवाज, 'आत्ता कुठं गरम झालोय!' दुसरं लावलं, तिसरं लावलं. श्वास फाटत गेला, उत्तर तेच.

"गरम होणं म्हणजे वॉर्म-अप, बरोबर ना? म्हणजे सुरुवात. मी यंत्राला तसंच शिकवलं. गरम झालोय म्हणजे अंग मोकळं झालंय, मुलगी ताजी आहे."

इरावतींनी ध्वनिमुद्रण बंद केलं.

"पण मी आज स्पृहाच्या मूळ खुणा बघितल्या, मोजपट्टी न लावता. निरोगी हृदय थोडं स्वैर चालतं, सर. दोन ठोक्यांतलं अंतर सारखं बदलत असतं. तिचं झोपेतसुद्धा घड्याळासारखं चाललंय. हे फार वाईट लक्षण आहे. आणि तरी टिकली हिरवी! हे कसं काय?"

"डॉक्टर, आमच्यात ते दमल्यावर म्हणतात."

"दमल्यावर?"

"लई दमल्यावर. पार जीव जायची पाळी आल्यावर."

खोटं पकडणारी व्यवस्था चोख होती, पण खोटं कुणी बोललंच नव्हतं. पोरींना तेच खरं वाटत होतं. यंत्रानं त्यांच्यावर विश्वास ठेवून दमणुकीलाच ताजेपणा मानलं होतं. आता त्या जितक्या दमतील तितक्या हिरव्या दिसणार होत्या.

"बाकीच्यांचं काय?" त्यानं विचारलं.

"त्या दमल्यात, पण धोक्याच्या अलीकडं आहेत. एखादा सामना निभावेल. स्पृहा प्रत्येक मिनिट खेळलीय. ती पलीकडं गेलीय. परवाच्या उन्हात हे हृदय भलतीच लय धरू शकतं. पडली तर उठेलच असं मी सांगू शकत नाही." त्यांनी डोळे चोळले. "मी मोजपट्टीची चूक कळवली तर ज्यांची ज्यांची या शिबिरात झाली त्या सगळ्या बाद. म्हणजे अख्खा संघ. कप्तान स्वतः म्हणाली की दमले, तर फक्त ती बाहेर बसेल. पूर्वार्ध संपेपर्यंत वाट बघेन. त्यापुढं माझा हात फोनवर जाईल, मग अंतिम सामना राहो नाहीतर जावो."

"तिला खेळवूच नका म्हणून सांगतो मी."

"सांगून बघा. टिकली हिरवी असताना मला तो अधिकार नाही."

मुख्य प्रशिक्षक कुलासो गोव्याचे, शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोजपट्टीचा भाग तेवढा धैर्यशीलनं संघ बाद होईल म्हणून गाळला. मग त्यांनी आपल्या डिजिटल पाटीवर स्पृहाचा ठिपका दाखवला. "हिरवी आहे, धैर्यशील. हिरव्या कप्तानाला फायनलला बसवलं तर लोक मला विचारतील. मी काय सांगू, की चहात मीठ घातलं?"

आपलेच दात, आपलेच ओठ. धैर्यशील जिना उतरून मैदानावर आला. स्पृहा एकटीच चेंडू भिंतीवर मारत होती.

"स्पृहा, बस जरा."

"बोला की, वस्ताद. ऐकायलोय." चेंडू थांबला नाही.

"तू दमलीयस."

चेंडू थांबला. तिनं असं बघितलं की जणू त्यानं शिवी दिली. "मी? काय बी न्हाई झालं मला. आत्ता कुठं गरम..."

"ते सोड. माझ्याम्होरं न्हाई म्हणायचं ते. फायनलला टिकलीला सांगून टाक, दमलो म्हणून. तुझ्या जीवाला धोका हाय, पोरी."

तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. "आठ वर्सांची होतो तवा इचारलं न्हाई, वस्ताद. तापात खेळलो तवा इचारलं न्हाई. पाय मुरगळला तवा तुमीच म्हणला, गरम हो, जाईल. आन आता फायनलला इचारताय व्हय? मला खाली बसवायला?"

"माझं चुकलं."

"तुमचं कसं चुकंल? तुमच्यामुळंच तर इथवर आलो." हे ती रागानं म्हणाली नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. तिला खरंच कळत नव्हतं. तिला झोप यायची नाही, तर ती म्हणायची उत्साह आहे. हात कापायचे, तर म्हणायची थंडी आहे. दमणं ओळखायची जागाच तिच्या आत उरली नव्हती, आणि ती आपण बुजवली, हे धैर्यशीलला त्या मैदानावर उभ्या उभ्या कळलं. पुतळ्यासारखं घडवलं असं लोक कौतुकानं म्हणतात. पुतळ्याला काही दुखत नाही, एवढाच त्याचा गुण.

संध्याकाळी त्यानं घरी फोन लावला. पडद्यावर त्याची बायको शालन दिसली. एका हातानं भाकरी थापत होती, दुसऱ्यानं कपाळावरचा घाम पुसत होती. तालमीचा नियम त्यानं घरातही थट्टेनं आणला होता. लग्नानंतर ती एकदा दमले म्हणाली, तेव्हा त्यानं तिला अंगणात एक राउंड मारायला सांगितलं होतं. सगळे खूप हसले होते, तीही हसली होती.

"शालन, दमलीस काय गं?"

तिचा हात थांबला. पडद्याच्या अगदी जवळ येऊन तिनं त्याला निरखलं. "काय झालंय तुमास्नी? बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. सहज इचारलं."

"सहज कवा इचारता तुमी," ती म्हणाली. मग तवा करपतोय म्हणून घाईनं फोन ठेवला. त्याला वाटलं, ती रडत असावी. खात्री करायला परत फोन लावायचं त्याला धाडस झालं नाही.

*

अंतिम सामन्याला स्टेडियम तुडुंब भरलं होतं. ऊन तसंच होतं. जपानच्या मुलींनी चेंडू असा फिरवला की भारताच्या पोरी नुसत्या मागं धावत राहिल्या. एकदा स्पृहा चेंडू घेऊन आपल्याच गोलकडं निघाली. चार पावलांनी थांबली, वळली. प्रेक्षकांना ती हुलकावणी वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर तिचा ठिपका सगळ्यांत गडद हिरवा होता. इरावती बाकाच्या टोकाला हातात फोन घेऊन बसल्या होत्या. पूर्वार्ध संपला तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती.

कपडे बदलायच्या खोलीत पोरी भिंतीला टेकून बसल्या. स्पृहाचे ओठ पांढरे पडले होते, घाम मात्र येत नव्हता. कुलासोंनी आपलं बोलून घेतलं आणि धैर्यशीलला खूण केली. आता तुमचं ते होऊन जाऊ द्या.

धैर्यशील मध्ये उभा राहिला. "कसं वाटतंय?"

"आत्ता कुठं गरम झालोय!"

छत दणाणलं. तो आवाज ऐकून त्याला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. एवढी वर्षं हा आवाज आला की त्याची छाती फुगायची. त्याला बोलायचं होतं, समजवायचं होतं, पण समजवणं परवाच संपलं होतं. गुडघा ठणकत होता. त्या गुडघ्याची वाटी अठराव्या वर्षी तालमीच्या एका सामन्यात गेली होती. तेव्हाही तो गरमच झाला होता. तो सावकाश खाली फरशीवर बसला.

"मी दमलो, पोरींनो," तो म्हणाला.

बंद असलेला तो शब्द सगळ्यांनाच ओळखीचा होता. मणिपूरच्या मुलीनं केरळच्या मुलीकडं बघितलं. देवळात पुजाऱ्यानंच चपला घालून आत यावं, तसं काहीतरी झालं होतं. मग स्पृहा हसली. तिला ती गंमत वाटली, तिला हुरूप द्यायला वस्तादांनी केलेली.

"वस्ताद, नियम म्हंजे नियम," ती म्हणाली. "एक राउंड."

"व्हय," धैर्यशील म्हणाला. "मारतो की."

तो उठला, बोगद्यातून बाहेर पडला आणि मैदानाच्या कडेनं धावायला लागला.

धावणं कसलं ते, लंगडणंच. मध्यंतरात खाण्यापिण्यात गुंतलेल्या लोकांनी आधी लक्ष दिलं नाही. मग कुणीतरी हसलं, मोठ्या पडद्यावर तो दिसला, आणि अख्खं स्टेडियम या पोट सुटलेल्या माणसाला बघून हसू लागलं. पहिला कोपरा त्यानं वळला. दुसऱ्या कोपऱ्यापाशी गुडघ्यातून कळ मस्तकात गेली आणि तो फलकाला धरून उभा राहिला. पुन्हा निघाला. आता हसण्याचा आवाज कमी झाला होता.

"दमलो," तो मोठ्यानं म्हणाला, कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे. "आईशप्पथ दमलो." किती वर्षांचं ते साठलं होतं कुणास ठाऊक. वस्तादांना म्हणायचं राहिलं होतं, शालनसमोर म्हणायचं राहिलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते त्यानं पुसलं नाही.

तिसऱ्या कोपऱ्यावर तो पडला. हातावर जोर देऊन उठायला लागला, तर समोर स्पृहाचे बूट दिसले. ती मैदान ओलांडून आली होती. ती हसत नव्हती.

"बास करा, वस्ताद."

"थोडा राहिलाय." तो चार पावलं गेला.

"बास म्हणतोय न्हवं! मरशीला!"

"नियम हाय न्हवं तुझ्या वस्तादाचा."

ती त्याच्या बरोबरीनं चालायला लागली. तिनं त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. तिचं अंग चुलीसारखं तापलेलं त्याला लागलं. असे दोघं काही पावलं गेले, आणि मग तिचाच पाय अडखळला. तो तिच्यावर रेललेला होता की ती त्याच्यावर, हे आता सांगता आलं नसतं. ती थांबली. तिचा खालचा ओठ थरथरला, अगदी आठ वर्षांच्या पोरीसारखा.

"वस्ताद," ती हळू म्हणाली, "मला कायच कळंना झालंय. कुठल्या बाजूला गोल मारायचा त्ये बी कळंना."

"म्हण मग."

"राउंड मारायला लावशीला."

"न्हाई लावणार."

तिनं डोळे मिटले. "दमलो," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही नीट. तिनं पुन्हा म्हटलं, "लई दमलो, वस्ताद."

तिच्या कानामागची टिकली लाल झाली. मोठ्या पडद्यावर भारताच्या ओळीतला पहिला लाल ठिपका उमटला आणि हजारो लोक एकदम गप्प झाले. इरावती फोन बाकावर टाकून त्यांच्याकडं धावत सुटल्या.

*

उत्तरार्ध दहा मिनिटं उशिरा सुरू झाला. तोवर वैद्यकीय खोलीत स्पृहाच्या हाताला सलाइन लागली होती, काखेत आणि मानेखाली बर्फ ठेवला होता. ठोके हळूहळू उतरत होते. इरावतींनी यंत्राकडं बघून कितीतरी वेळानं नीट श्वास घेतला. "वेळेवर," त्या एवढंच म्हणाल्या. मग मोजपट्टीबद्दलचं कळवायचं ते सामना संपल्या संपल्या कळवते, तुम्हीही सही करा, असंही म्हणाल्या. धैर्यशीलनं मान हलवली. त्यानंतर काय होणार हे दोघांना माहीत होतं. चषक मिळाला तर तो परत द्यावा लागणार होता.

शेजारच्या खुर्चीवर त्यानं सुजलेला पाय लांब केला. बाहेर एकदा प्रचंड आरडाओरडा झाला. गोल झाला होता. कुणाचा ते भिंतीतून समजत नव्हतं. स्पृहा त्या आवाजानं हललीसुद्धा नाही. तोंड अर्धवट उघडं टाकून ती गाढ झोपली होती, कितीतरी दिवसांनी. तो उठून बघायला गेला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे किलकिले केले. सामन्याचं विचारेल म्हणून तो तयार होता.

"वस्ताद," ती झोपेतच पुटपुटली, "माझा राउंड राहिलाय."

"तुझा पण मीच मारलाय," धैर्यशील म्हणाला. "झोप."

ती झोपली.